माळ्यावरचे पोटभाडेकरू

मराठी घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल कोणाला मान असेल तर तो माळ्याला. देव्हाऱ्यात आपण रोज डोकावतो आणि माळ्यावर वर्षातून एकदा, एवढाच काय तो फरक. गळकी पण पितळेची घागर, पुढेमागे लागेल म्हणून ठेवलेला आणि पुढेही न लागलेला व मागेही न लागलेला पाळणा, किल्ली हरवलेली ट्रंक आणि ट्रंक हरवलेली किल्ली, लग्नात आलेली व कोणाच्या तरी लग्नात खपवायची राहून गेलेली भांडी, या सर्वांना माळा पोटात घेतो. दिवाळी अंकांचे गठ्ठेही तिथेच असतात. संपादकांनी रागावू नये; पण आपल्या हाती असलेला हा अंकसुद्धा यथावकाश तिथेच जायचा आहे. नव्या इमारतींत माळ्याला 'लॉफ्ट' म्हणू लागले, त्याला सरकते दार आले, पण वृत्ती जुनीच राहिली. टाकवत नाही ते वर टाकायचे.

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस घरची बाई पदर खोचते, शिडी येते, आणि या सुप्त संस्थानावर स्वारी होते. अशा वेळी वरून हाक येते, "अहो, इथं गांधीलमाशांचं पोळं आहे!" आणि सारे घर क्षणभर स्तब्ध होते.

त्यानंतर जे होते ते ज्याने-त्याने आपापल्या घरी पाहिलेले आहे. घरात जितकी माणसे तितके उपाय. एक म्हणतो रॉकेलचा बोळा पेटवून धरा. दुसरा म्हणतो धूर करा. तिसरा म्हणतो लांब काठीने एकच सपाटा मारा आणि पळा. कोठे पळायचे, शिडीवरून खाली येताना कसे पळायचे, याचा खुलासा कोणी करीत नाही. उपाय सांगणाऱ्या सर्वांत एक गोष्ट मात्र समान असते. वर जायचे कोणी, या प्रश्नाशी सर्वजण खिडकीबाहेर पाहू लागतात. मग कोणाला तरी आठवते की घरात रंगकाम करणारा एक पोरगा आहे.

आमच्या आळीत दोन वर्षांपूर्वी असेच झाले. एका सधन, सुशिक्षित घरी दिवाळीचा रंग चालू होता. माळ्यावर पोळे दिसले. रंगाऱ्याच्या हाताखाली अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. "वर पन्नास रुपये देतो, तेवढं काढून टाक," असे त्याला सांगण्यात आले. त्याने तोंडाला रंगाचे फडके गुंडाळले, काठीला बोळा बांधला आणि तो चढला. आरडाओरडा ऐकून आम्ही शेजारी धावलो तेव्हा तो शिडीच्या पायथ्याशी पडला होता. दोन्ही डोळे सुजून मिटले होते, मान आणि हात फुगले होते, आणि माळ्यावर जुन्या कागदांनी पेट घेतला होता. कोणी पाणी मारले, कोणी चुना आणला. मुलगा धापा टाकू लागला तेव्हा दोघा-तिघांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. वेळेवर इंजेक्शन मिळाले म्हणून निभावले. पण तिथे कागद भरताना डॉक्टरांनी त्याचे पूर्ण नाव विचारले. ज्या घरात तो चार दिवस रंग देत होता, चहा पीत होता, त्या घरच्या कोणालाही त्याचे आडनाव ठाऊक नव्हते.

तेव्हापासून, कोणी माळ्यावरच्या पोळ्याची गोष्ट काढली की मी आधी एक चौकशी करतो. पोळे कोणाचे आहे? भाडेकरूला नोटीस देण्यापूर्वी त्याचे नाव तरी पाहावे, हा साधा व्यवहार आहे. आणि माळ्यावर पोटभाडेकरू नाना प्रकारचे राहतात.

पहिली कुंभारीण. भिंतीच्या कोपऱ्यात, जुन्या तसबिरीच्या मागे मातीची बोटभर लांब घरटी करते ती ही. एकटी असते, बारीक कमरेची असते, आणि तिला मुद्दाम चिमटीत धरल्याखेरीज ती सहसा चावत नाही. तिच्या काही जाती त्या मातीच्या कोठडीत कोळी भरतात, काही अळ्या भरतात. डंख मारून त्या भक्ष्याला बधिर करायचे, मारायचे नाही; त्यावर अंडे घालायचे आणि दार लिंपून निघून जायचे. पिलू बाहेर येते आणि ते ताजे अन्न खाऊन वाढते. आपल्या पूर्वजांनी आत अळी जाताना पाहिली आणि काही दिवसांनी त्याच कोठडीतून भृंगी बाहेर पडताना पाहिली, आणि त्यातून कीटभृंगन्याय निघाला. किडा भृंगीचे ध्यान करता करता भृंगीच होतो, तसा भक्त देवाचे ध्यान करता करता देव होतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांत हिला स्थान आहे, आणि नाथांच्या टीकेमुळे ती मराठी घराघरांत पोहोचली. मी हा भाग वर्गात शिकवीत असता एका मुलीने विचारले, "सर, पण खरं म्हणजे त्या किड्याचं काय झालं?" मी खरे ते सांगितले. किड्याचे जेवण झाले. दृष्टान्ताचा गोडवा त्याने कमी होत नाही. पण एवढे लक्षात येते की न्याय नेहमी बाहेर पडणाऱ्याच्या बाजूने सांगितला जातो, आत राहिलेल्याची बाजू कोणी विचारीत नाही. असो. कुंभारणीचे घरटे रिकामे झाले की ते ओल्या फडक्याने पुसून निघते. तिच्यासाठी शिडी-बोळा म्हणजे चिलटासाठी तोफखाना.

दुसरी सातेरी. ही मधमाशी. झाडाच्या ढोलीत राहावे तशी ती भिंतीच्या पोकळीत, पडक्या पेटीतही बिऱ्हाड करते. हिला मारणे म्हणजे दुभती गाय कापणे. मधपाळ तिला पोळ्यासकट पेटीत घालून नेतो आणि वर आपले आभार मानतो. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आपल्याकडे मधपाळांची वाण नाही. फक्त बोलावण्याची बुद्धी हवी.

तिसरी मोठी गांधील. काळे दणकट अंग, पोटावर रुंद पिवळा पट्टा. हिचे पोळे उघडे नसते. कागदी आवरणाने वेढलेले, मडक्यासारखे, आणि ये-जा करायला एखादेच भोक. आत काय चालले आहे ते बाहेरून कळत नाही, आणि हेच त्यातले भय. असले मडके माळ्यात दिसले तर दार हळूच लावून घ्यावे आणि संरक्षक पोशाख असलेल्या जाणत्या माणसाला बोलवावे. इथे घरगुती पराक्रमाला जागा नाही. अशा माशांनी एकाच वेळी पुष्कळ डंख मारले तर माणसाची मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

आणि चौथी, आपल्या माळ्यावर जी बहुधा असते ती लहान गांधील. तपकिरी-तांबूस अंग, पिवळ्या रेषा, आणि तुळईला एका बारीक देठाने टांगलेले, बशीसारखे राखाडी पोळे, वर कसलेही झाकण नाही. हे पोळे कागदाचे असते. माशी लाकडाचा भुसा खरवडते, लाळेत कालवते आणि थापते. 1719 साली रेओम्यूर नावाच्या फ्रेंच पंडिताने हे पाहून सुचवले की कागद चिंध्यांऐवजी लाकडापासून करता येईल. आज आपण वाचता ती पाने लाकडाचीच. तेव्हा दिवाळी अंकाच्या गठ्ठ्याशेजारी गांधिलीने बिऱ्हाड केले तर ती परक्या घरी आली असे म्हणता येणार नाही.

या लहान गांधिलीच्या एका जातीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. राघवेंद्र गदगकर आणि त्यांचे विद्यार्थी यांनी कित्येक दशके काम केले. प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन तिची ओळख ठेवायची आणि तासन् तास पोळ्यासमोर बसायचे. त्यातून 2001 साली एक मोठा ग्रंथ झाला. त्यांना दिसले ते मोठे गमतीचे आहे. या पोळ्याची राणी मुळीच राणीसारखी वागत नाही. ती कोणाला दरडावीत नाही, कोणाशी भांडत नाही, गप्प असते. राणीला काढून घेतले की मात्र थोड्याच वेळात कामकरणींपैकी एकजण एकदम उग्र होते, सर्वांवर धावून जाते, आणि आठवडाभरात शांत होऊन अंडी घालू लागते. तीच नवी राणी. नवल असे की बाकीच्या तिला आव्हान देत नाहीत. पुढची कोण, हे त्यांच्यात जणू आधीच ठरलेले असते. आपल्याला मात्र राणी असताना ती कोण ते ओळखता येत नाही. आमच्याकडे विभागप्रमुख निवृत्त होतो तेव्हा असे काही होते तर किती बरे झाले असते!

आता व्यवहाराचे. परदेशी पुस्तकांत सल्ला असतो की थंडी पडेपर्यंत थांबा, पोळे आपोआप ओस पडेल. ते विलायतेला ठीक आहे. आपल्या दख्खनच्या हवेत ही लहान गांधील वर्षभर नवी पोळी घालते आणि वर्षभर सोडतेही. तेव्हा पंचांग पाहून उपयोग नाही, जागा पाहायची. पोळे वापराच्या वाटेपासून दूर, कोपऱ्यात असेल आणि माशा झरोक्यातून बाहेर जात असतील, तर त्यांना राहू द्यावे. त्या आपल्या ताटावर डोळा ठेवून नसतात. बागेतल्या अळ्या उचलून पिलांना भरवतात. धक्का लागला, काठी लागली, धूर झाला तरच त्या धावतात. आणि मधमाशीसारखी त्यांची नांगी आपल्या अंगात अडकत नाही, म्हणून एकच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते.

पोळे दाराशी असेल, मुलांच्या हाताशी असेल, किंवा घरात कोणाला डंखाची बाधा होते हे ठाऊक असेल, तर मात्र ते काढलेच पाहिजे. ते काम जाणत्याचे; रात्री, सर्व माशा पोळ्यावर परतल्यावर, अंग पूर्ण झाकून. माळ्यावर आग कधीही नेऊ नये. फवाऱ्याच्या डब्यातला वायूही पेट घेतो, म्हणून त्याच्याजवळ पणती, उदबत्ती, बोळा काही नसावे.

डंख झालाच तर तिथून दूर व्हावे, बोटातली अंगठी आधी काढावी, जागा साबणाने धुवावी आणि बर्फाचे फडके ठेवावे. लोखंड घासण्याने मनाला बरे वाटते, तेवढेच. पण ओठ-जीभ सुजली, धाप लागली, घेरी आली, अंगभर गांधी उठल्या, तर एक क्षणही न दवडता दवाखाना गाठावा. तिथे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच उपाय आहे. "मला पूर्वी चावली होती, काही झालं नाही," हे म्हणणे फोल आहे. 1902 साली रिशे आणि पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर समुद्रफुलाच्या विषाचा प्रयोग करून दाखवले की पहिल्या खेपेला सोसलेले विष काही आठवड्यांनी अगदी थोडे दिले तरी प्राण घेऊ शकते. त्या शोधाबद्दल रिशे यांना 1913 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आमच्याही माळ्यावर यंदा असे एक बशीएवढे पोळे निघाले, अगदी पलीकडच्या झरोक्यापाशी. मी घरी वरील सर्व व्याख्यान दिले. आमच्या सौ.ने ते शांतपणे ऐकून घेतले आणि एका वाक्यात निकाल दिला, "त्यांची दिवाळी त्यांना करू दे, आपली आपण करू." माळ्याचा तो अर्धा भाग यंदा झाडलेला नाही. लक्ष्मी झाडलेल्या घरात येते म्हणतात. पण ती माळ्यापर्यंत चढून तपासणी करीत असेल असे मला वाटत नाही.

प्रश्न पोळ्याचा थोडा आणि शिडीचा फार आहे. घर आपले, माळा आपला, त्यावरची अडगळ आपली आणि ती न टाकण्याचा हट्टही आपला. मग त्यासाठी सुजायचे तेवढे दुसऱ्याने, हा कोठला न्याय? खाली उभे राहून शिडी धरणाऱ्याने वर पाहण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा, या बोळ्यानिशी मी चढलो असतो का? उत्तर 'नाही' असेल तर दुसऱ्यालाही चढवू नये. काम जाणत्या माणसाला द्यावे, त्याचे दाम द्यावे, आणि तो शिडीवर पाय ठेवण्यापूर्वी त्याचे पूर्ण नाव विचारून घ्यावे.