मावशींचा हलणारा दात

बोईसरजवळच्या कुंभवलीला आमच्या मावशी राहतात. गेल्या दिवाळीत चकली मोडताना त्यांचा दात हलला. "कधी दुखलं नाही गं, रक्तही आलं नाही. रोज मशेरी लावते ना!"

नेमके तेच फसवे! पायरिया बहुधा दुखत नाही. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातील निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्तही कमी दिसू शकते. आत मात्र दाताभोवतालचे हाड झिजत असते. त्यातून मावशींना मधुमेह. भगिनींनो, ही दोन दुखणी एकमेकांना बळ देतात; हिरड्या सुजलेल्या असल्या की साखरही लवकर आटोक्यात येत नाही.

दंतवैद्यांनी किटण खरवडून काढले. "आता उरलेले दात सैल होणार," शेजारीणबाई म्हणाल्या. छे! किटणाने झाकलेले सैलपण तेवढे उघडे पडते.

मशेरीची डबी मात्र मावशींनी अजून टाकलेली नाही.