गेलेल्या माणसाचं एक पान लिहून ठेवा

भंडारा जिल्ह्यातील गावकरी, शहरवासी आणि पोटापाण्यासाठी बाहेर गेलेल्या सर्व बंधू-भगिनींना जाहीर आवाहन

मयतीचा निरोप आता तासाभरात सगळीकडे पोहोचतो. पूर्वी एखादा गडी सायकल काढून सोयऱ्यांच्या गावोगाव फिरायचा. आज गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पडतो, त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही एकच ओळ शंभरजण लिहितात, आणि तेरवी आटोपेपर्यंत तो फोटो कुठल्या कुठे वर सरकून गेलेला असतो. चौकातला फलकही महिनाभरात उतरतो. तो माणूस काय करत होता, कसा बोलायचा, कोणाच्या अडीनडीला धावायचा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून ही विनंती: घरात किंवा मोहल्ल्यात कोणी गेलं, तर तेरवीच्या आत त्या माणसाबद्दल गावाच्या वहीत एक पान लिहा आणि ती वही गावातच, सगळ्यांना वाचता येईल अशा ठिकाणी ठेवा.

मृत्यूची नोंद ठेवणं आपल्याला नवं नाही. आपला जिल्हा मध्य प्रांतात होता तेव्हा गावचा कोतवाल ठाण्यात जाऊन गावातलं जन्म-मरण सांगायचा आणि ते वहीत चढायचं. आज जातपडताळणी निघाली की आपण त्याच कोतवाल बुकाची नक्कल काढायला तहसीलमध्ये खेटे घालतो. पणजोबांचं नाव सापडलं की घरादाराला आनंद होतो. पण त्या एका ओळीत काय असतं? नाव, बापाचं नाव, जात, तारीख, आणि कारणाच्या रकान्यात कितीदा तरी नुसतं 'ताप'. पणजोबा कोणत्या बोडीचं पाणी राखायचे, दंडारीत कोणतं सोंग घ्यायचे, हे तिथे मिळत नाही, आणि सांगू शकणारी माणसंही आता राहिली नाहीत. आपल्या नातवंडांवर तीच वेळ येऊ देऊ नये.

1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे 21 दिवसांच्या आत मृत्यूची सरकारी नोंद करायची असते. ती अगोदर करा. उशीर झाला की विलंब शुल्क लागतं, वर्ष उलटलं तर थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, आणि विमा, बँक, सातबाऱ्यावरची वारसनोंद सगळं त्या दाखल्यावाचून अडतं. ते झालं की मग वहीत पान लिहायला बसा.

बायांबद्दल मला विशेष आग्रहानं सांगायचं आहे. निधनवार्ता उघडून पाहा. अमक्यांच्या मातोश्री, तमक्यांच्या धर्मपत्नी. मुलाचं पद छापलेलं असतं, सुनेच्या नोकरीचं खातंही असतं, आणि जिनं पन्नास वर्षं बांधीत वाकून रोवणा केला तिच्याबद्दल शब्दही नसतो. आपल्याच पवनीत 1969-70 च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूप सापडला. त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, त्यात स्त्रियाही आहेत. विसमिता नावाच्या बाईनं दान दिलं आणि सगळ्या जिवांना सुख मिळो असं मागितलं, एवढं आपल्याला दोन हजार वर्षांनंतर कळतं, कारण कोणीतरी तिचं नाव तिचं म्हणून कोरलं. पवनीतच रूपिअम्म नावाच्या क्षत्रप कुमाराचा स्मृतिस्तंभही सापडला. त्या कुमाराचं नाव राहिलं ते एका दगडामुळे. तेव्हा आपल्या वहीत आजीचं नाव लिहा, तिला मोहल्ला ज्या नावानं हाक मारायचा ते लिहा, माहेर कोणतं ते लिहा. ती रोवण्याला कोणती गाणी म्हणायची, कोणाकोणाची बाळंतपणं तिनं केली, तेही येऊ द्या.

आपल्या जिल्ह्यातली काही मरणं साऱ्या देशाला कळली. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा तान्ही लेकरं गेली. 24 जानेवारी 2025 ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार मरण पावले. चार दिवस बातम्या चालल्या, मग दहा आणि आठ हे आकडे तेवढे राहिले. त्या कामगारांपैकी प्रत्येकाचं आपलं घर, आपलं गाव होतं, सोबत डबा खाणारे मित्र होते. त्या मित्रांनी लिहावं, घरच्यांची तयारी असेल तर. आणि ज्या लेकरांचं नावसुद्धा ठेवून झालं नव्हतं, त्यांच्या आयांना बोलावंसं वाटलं तर कोणीतरी शांतपणे ऐकून घ्यावं. त्यांना लिहायचं नसेल तर अजिबात आग्रह धरू नये.

कोरोनाचंही तसंच आहे. 2021 च्या उन्हाळ्यात वीसच्या वर माणसं मातीला जाऊ शकत नव्हती. कित्येकांची तेरवी झाली नाही, दुखवट्याला कोणी बसायला आलं नाही. त्या माणसांबद्दल बोलायचंच राहून गेलं आहे. त्यांची पानं आता लिहिली तरी चालतील, उशीर झाला म्हणून सोडू नका.

गोसीखुर्द धरणामुळे उठलेल्या गावांना ही वही जास्त लागणार आहे. 22 एप्रिल 1988 ला त्या धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे वैनगंगेकाठची गावं घाटांसकट पाण्यात गेली. एका आळीत राहणारी माणसं वेगवेगळ्या पुनर्वसनात विखुरली. आता जुना शेजारी वारला तर सहा महिन्यांनी एखाद्या लग्नात कळतं. अशा गावांतल्या तरुणांनी जुन्या गावाच्या नावानं फोनची एक यादी करावी, आणि ज्या म्हाताऱ्यांकडे मोबाईल नाही त्यांच्या घरी निरोप सांगायचं काम एकेकानं वाटून घ्यावं.

निरोप देतानाही जपायला हवं. घरच्यांना कळायच्या आधी ग्रुपवर टाकू नका. नागपूरला दवाखान्यात असलेल्या माणसाच्या नावानं इकडे श्रद्धांजली सुरू झाली तर त्याच्या लेकरांचं काय होत असेल, याचा विचार करा. अपघाताचे, मृतदेहाचे फोटो पुढे ढकलू नका. कोणी जीव दिला असेल तर कसा दिला याची चर्चा नको, त्या घराला माणसांची सोबत हवी असते. आजाराचं नावही घरच्यांना विचारूनच लिहा.

लिहायचं काय, असं अनेकजण विचारतील. कामापासून सुरुवात करा. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजरुक किंवा चिखल्याच्या मँगनीज खाणीत राबलेला माणूस असेल तर तिथलं काम कसं चालायचं, पहिली मजुरी किती होती ते लिहा. मोहाडीकडचा कोष्टी असेल तर त्याच्या मागाबद्दल, कोशाच्या कापडाबद्दल लिहा. ढिवर असेल तर त्याला तलावातल्या मासोळ्यांची जी नावं येत होती ती सगळी उतरवा, कारण ती नावं पुस्तकात मिळायची नाहीत. दंडार आणि खडी गंमत करणाऱ्यांच्या बाबतीत तर थांबूच नका. आपला शाहीर गेला की त्याच्या तोंडची गाणी त्याच्याबरोबर जातात. साथीदार हयात आहेत तोवर त्यांच्याकडून म्हणवून घ्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा. लिहिताना झाडीबोलीच येऊ द्या, तिला शाळेतली मराठी करायची गरज नाही. आणि नुसती स्तुती नको. तापट होता तर तापट लिहा, पण कोणाची बदनामी होईल असं काही नको.

वहीला खर्च फारसा नाही. दोनशे पानांचं एक जाड रजिस्टर आणा. ते वाचनालयात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत, जिथे कपाट कोरडं आहे तिथे ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं आणि आठवी-नववीच्या मुलांनी लिहून घ्यावं. मुलांना आपलं गाव यातून जेवढं कळेल तेवढं दुसऱ्या कशातून कळणार नाही. कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा, कोणत्या मोहल्ल्याचा, असा भेद वहीत नसावा. गावातल्या प्रत्येकाला एक पान. ग्रामसभेत श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं उभं राहण्याची पद्धत बहुतेक गावांत आहेच, त्याच वेळी मागच्या ग्रामसभेनंतर गेलेल्यांची नावं आणि त्यांच्या पानातल्या चार ओळी वाचाव्यात. दिवाळीनंतर मंडईला बाहेरगावची माणसं, माहेरवाशिणी घरी येतात. त्या दिवसांत वही बाहेर काढून ठेवावी, म्हणजे राहिलेल्या आठवणींची त्यात भर पडेल. वर्षातून एकदा प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून दोन-तीन घरी ठेवा. तालुक्याचं वाचनालय किंवा कोणी अभ्यासक वही मागू लागला तर घरच्यांना विचारून झेरॉक्स द्या, मूळ वही गावाबाहेर जाऊ देऊ नका.