छोट्या लाईनीचा हिशेब

ग्वाल्हेर स्टेशनच्या पुनर्बांधणीचे काम गेली काही वर्षे चालू आहे. नवी इमारत कशी दिसेल, किल्ल्याची छटा तिच्यात उतरेल की नाही, याविषयी लष्करच्या वाड्यांतून पुष्कळ बोलणे होते. परंतु याच स्टेशनातून सुटणारी आपली छोटी लाईन मार्च २०२० मध्ये महामारीमुळे थांबली आणि पुन्हा सुरू झालीच नाही, त्याविषयी आपण बोलतो ते केवळ उसासे टाकण्यापुरते. विषय उसाशांवर सोडण्याजोगा खास नाही.

आगगाडीशी या शहराचे नाते जुने आहे. आग्र्याहून येणाऱ्या मार्गासाठी जयाजीराव महाराजांनी ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले आणि १८८१ मध्ये गाडी येथे पोचली. पुढे माधवराव महाराजांनी दोन फुटी रुळांची संस्थानची स्वतःची लाईन घातली. भिंड आणि शिवपुरीकडील मार्ग आधी झाले. सबळगडवरून श्योपूरपर्यंत रूळ पोचले ते १९०९ मध्ये. १९५१ मध्ये संस्थानची रेल्वे मध्य रेल्वेत सामील झाली. कालांतराने शिवपुरीची शाखा बंद पडली, भिंडची रुंद झाली, आणि श्योपूरची सुमारे २०० किलोमीटरची लाईन तेवढी मागे उरली.

स्टेशनाने शहराला काय दिले, हे गाण्यातल्या माणसास सांगावे लागत नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना विद्येसाठी ग्वाल्हेरपर्यंत पायपीट करावी लागली होती. १९३३ मध्ये गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तो विनातिकीट, डब्यातल्या लोकांना गाणी ऐकवीत येथवर आला, आणि हाफिज अली खाँसाहेबांच्या मदतीने माधव संगीत विद्यालयात शिकू लागला. भीमसेन जोशी या नावाने पुढे सारा देश त्याला ओळखू लागला. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे शहर म्हटले, त्या मानात आगगाडीचाही थोडा वाटा आहे.

मोठ्या लाईनीने दूरच्या मुलांसाठी जे केले, तेच छोटीने जवळच्या खेड्यांसाठी केले. माझे वडील दरबारच्या अखेरच्या दिवसांत तेथे चाकरीस होते. मी त्यांच्या उतारवयातला. ते म्हणत, शिष्य कोणत्या गाडीने आला ते विचारू नये, वेळेवर आला का तेवढे पाहावे. माझ्याकडे जौऱ्याच्या बाजूचा एक मुलगा शिकत असे. आवाज ठीकच, पण कान विलक्षण. आठवड्यातून एकदा तो छोट्या लाईनीने येई. कधी डब्यात जागा नसली तर टपावर बसून. गाडी थांबली, बसचे भाडे घरच्यांस झेपेना, आणि त्याचे येणे सुटले. तो यमनमध्ये होता. मीही त्याची पुरेशी चौकशी केली नाही, ही माझी चूक.

येथे आपण, जुन्या घराण्यांतल्या मंडळींनी, स्वतःस एक प्रश्न विचारावयास हवा. छोटी लाईन आपल्याला प्रिय होती खरी. पण आपल्यापैकी कितीजण तीत बसत होते? पाहुण्यांना दाखवावी, मुलांना एखादी फेरी घडवावी, एवढाच आपला तिचा संबंध. ती खेळण्यातली गाडी आहे असे आपण कौतुकाने म्हणत असू. दुधाच्या बरण्या, भाजीच्या टोपल्या, कोर्टकचेरीची आणि दवाखान्याची माणसे घेऊन दहा-अकरा तास रखडत जाणाऱ्या गाडीला खेळणे म्हणणे हे तीत न बसणाऱ्यालाच सुचते.

म्हणून रुंद लाईन नको, असे म्हणणे शहाणपणाचे नव्हे. श्योपूरच्या आजाऱ्याला वेगाची गरज आहे. रुंदीकरणाचे एकेक टप्पे सुरू होत आहेत, जौऱ्याच्या बाजूस नवी गाडी धावूही लागली आहे, हे स्वागतार्हच आहे. मात्र नवी पुरी होण्यापूर्वी जुनी गेली, आणि मधल्या वर्षांचा भार कोणी वाहिला याचा हिशेब मांडलेला दिसत नाही. रूळ रुंद झाले म्हणजे सोय झाली असे नव्हे. खेड्यातला माणूस सकाळी शहरात येऊन काम उरकून संध्याकाळी घरी पोचेल असे वेळापत्रक हवे, लहान गावांना थांबा हवा, भाडे त्याच्या आवाक्यातले हवे.

शहरातून, घोसीपुऱ्यावरून जाणाऱ्या जुन्या मार्गाचा एखादा तुकडा जपावा, एखादे इंजिन चालते ठेवावे, ही मागणीही रास्त आहे आणि मी तीत सामील आहे. परंतु क्रम चुकता कामा नये. आधी वेळापत्रकासाठी अर्ज करू, मग आठवणींसाठी. नव्या इमारतीवर किल्ल्याची कमान असो वा नसो, सबळगडकडचे एखादे पोर तंबोरा खांद्याला लावून त्या फलाटावर उतरले, तर स्टेशन ग्वाल्हेरचे आहे असे मी म्हणेन.