डोळा दुखतो, दोष पिंजऱ्याचा

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. मधल्या सुट्टीत नववीतील एक विद्यार्थी भोके पाडलेला प्लॅस्टिकचा डबा घेऊन माझ्याकडे आला. डब्यात पाल होती; पण आपल्या भिंतीवरची नव्हे. पिवळसर अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके आणि जाड शेपटी असलेली ही ‘लेपर्ड गेको’ त्याला वाढदिवसाला भेट मिळाली होती. तिचा उजवा डोळा मिटलेला होता.

“सर, चार दिवस ही एक डोळा उघडत नाही. गुलाबपाणी घालू का?”

“गुलाबपाणी नको,” मी म्हणालो. “आठवडाभर वाट पाहू. प्राणी आपोआप बरे होतात.”

माझ्या उत्तराचा पहिला भाग बरोबर होता, दुसरा साफ चूक. आठ दिवसांनी पशुवैद्यांनी पापणीखालून वाळलेल्या कातीची गुंडाळी काढली, तेव्हा तिच्या घर्षणाने पारपटलावर खोल व्रण झाला होता. डोळ्यात फूल पडले आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. विज्ञान शिकविणाऱ्या माणसाने निरीक्षणाऐवजी अंदाजावर भिस्त ठेवली, त्याची किंमत त्या मुक्या जिवाने दिली. म्हणूनच हा लेख.

माझे म्हणणे थोडक्यात असे: पाळलेल्या पालीचा वा सरड्याचा डोळा बिघडला की आपण औषधाची बाटली शोधू लागतो, शोधावयाचा असतो तो पिंजऱ्यातील दोष. आणि तो दोष दूर करण्याची ज्याची तयारी नाही, त्याने हा प्राणी पाळू नये.

आधी डोळ्याची रचना पाहू. आपल्या घरातील पालीला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात. तिच्या डोळ्यावर चष्म्याच्या काचेसारखा पारदर्शक खवला असतो आणि तो ती जिभेने चाटून स्वच्छ ठेवते. लेपर्ड गेकोला मात्र हलणाऱ्या पापण्या असतात. इग्वाना आणि ऑस्ट्रेलियातील दाढीवाला सरडा (बिअर्डेड ड्रॅगन) यांनाही त्या असतात. पापणी डोळ्याचे रक्षण करते हे खरे; पण तिच्या आड वाळूचा कण किंवा कातीचा तुकडा अडकूनही बसतो. तेव्हा ‘पालीचा डोळा’ असे सरसकट म्हणून चालत नाही. आपला प्राणी कोणत्या जातीचा, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न, निरोगी डोळा कसा दिसतो? दोन्ही डोळे सारखे उघडे, स्वच्छ, आणि समोर किडा हलताच त्याच्यावर रोखलेले. लेपर्ड गेको दिवसा झोपते, म्हणून दुपारी मिटलेल्या डोळ्यांवरून घाबरू नये. परीक्षा संध्याकाळी करावी. कात टाकण्यापूर्वी तिचे सारे अंग पांढुरके दिसते, तेही स्वाभाविक आहे. पण जागेपणी एक डोळा मिटलेला, पापणी फुगलेली, कडेला चिपडे, बुबुळावर पांढरा पडदा, दगडावर डोळा घासणे किंवा किड्यावर झेप घेताना नेम चुकणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर ते वहीत तारखेसह लिहावे. एकच डोळा बिघडला असेल तर बहुधा इजा किंवा आत काही अडकलेले असते. दोन्ही बिघडले असतील तर आहार, हवा व प्रकाश यांकडे आधी पाहावे.

आता कारणे. पहिले कारण कोरडी हवा. आमच्या विद्यार्थ्याने काचेच्या पेटीत उबेसाठी दिवा लावला होता. ऊब मिळाली, पण हिवाळ्यातील आधीच कोरडी हवा अधिकच कोरडी झाली. कात एकसंध निघण्यासाठी ओलावा लागतो. पेटीत ओलसर शेवाळ किंवा नारळाचा भुसा भरलेली, आत शिरता येईल अशी एक डबी ठेवली असती, तर हा प्रसंग बहुधा टळला असता.

दुसरे कारण ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव. बाजारात मिळणारे रातकिडे आणि पिठातील अळ्या यांत हे जीवनसत्त्व फार थोडे असते. ते कमी पडले की डोळ्याभोवतीच्या ग्रंथींच्या नलिकांतील मऊ, ओलसर अस्तर कडक व खवल्यांसारखे बनते. नलिका तुंबतात, मळ साचतो, पापणी फुगते. त्यात जंतूंचा शिरकाव झाला तर पू होतो. आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसून पनीरासारखा घट्ट असतो. तो थेंबांनी वाहून जात नाही, वैद्यालाच काढावा लागतो. उपाय अगदी साधा आहे. किड्यांना आधी चांगला चारा खाऊ घालावा आणि वैद्याच्या सल्ल्याने जीवनसत्त्वांची पूड लावून मग ते पालीला द्यावेत. मात्र ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेकही विषारी ठरून कातडी सोलवटते. म्हणून आपल्या घरातील कॅप्सूल फोडून तिच्या तोंडात पिळू नये.

तिसरे कारण जमिनीवरची सुटी वाळू, आणि चौथे प्रकाश. काही सदोष अतिनील दिव्यांमुळे पाळीव सरड्यांचे डोळे सुजल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. शिवाय निशाचर पालींचे डोळे विलक्षण संवेदनशील असतात. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली दाखविले की, आफ्रिकेतील शिरस्त्राण पालीला अंधुक प्रकाशातही रंग ओळखता येतात. मंद उजेडात रंग पाहण्याची तिच्या डोळ्याची क्षमता आपल्यापेक्षा सुमारे ३५० पट अधिक आहे, असा त्यांचा हिशेब आहे. आपली लेपर्ड गेको ही वेगळी जात; तरीही रात्रीसाठी घडलेल्या डोळ्यांसमोर रात्रभर लख्ख दिवा जाळणे कसे वाटत असेल, याची कल्पना यावरून यावी.

मग घरी करावयाचे काय? फारच थोडे; पण ते त्याच दिवशी. पेटीतील उष्ण बाजूचे तापमान मोजावे. लेपर्ड गेकोसाठी ते ३० ते ३२ अंश सेल्सिअस असावे. वाळू काढून साधा कागद अंथरावा. ओलसर डबी ठेवावी. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक सलाइनचे एकदोन थेंब डोळ्यावर सोडावेत. कात चिमट्याने ओढू नये. शेपटीला धरू नये, ती तुटते. हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. घरात उरलेले माणसांचे डोळ्यांचे औषध मुळीच घालू नये. त्यात स्टेरॉइड असेल तर व्रण भरून येण्याऐवजी चिघळतो. दुसऱ्या दिवशीही डोळा उघडला नाही, तर थेट पशुवैद्य गाठावा.

वाट पाहणे का धोक्याचे, तेही सांगतो. लेपर्ड गेको शेपटीत चरबी साठवते. आठ दिवस उपाशी राहिली तरी ती वाळलेली दिसत नाही. आपल्याला वाटते, ‘बरी दिसते आहे की!’ मीही असाच फसलो.

काहीजण म्हणतील, एका पालीसाठी एवढा खटाटोप आणि खर्च कशाला? माझे उत्तर असे की, भिंतीवरच्या पालीसाठी आपण काहीच करीत नाही, कारण ती स्वतःचा ओलावा, सावली आणि अन्न स्वतः निवडते. पेटीतल्या पालीची ही निवड आपण काढून घेतलेली असते. मग तिच्या वतीने ती करण्याची जबाबदारी आपलीच ठरते.

‘म्हणजे पाळूच नये का?’ असे विद्यार्थी विचारतील. रानातील सरडा किंवा घोरपड तर धरूच नये. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. दुकानातून घ्यावयाचा असेल तर क्रम उलटा करावा. आधी वैद्य, मग पेटी, शेवटी प्राणी. सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य प्रत्येक गावात नसतो. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. योग्य वैद्य कोठे मिळेल, याची चौकशी तेथे करता येईल. ती चौकशी खरेदीपूर्वी व्हावी, डोळा मिटल्यावर नव्हे. शिक्षकबंधूंनाही विनंती की, शाळेच्या विज्ञान-कोपऱ्यासाठी असा प्राणी कोणी भेट देऊ केला, तर सुट्टीत त्याची काळजी कोण घेणार हे ठरल्याखेरीज तो स्वीकारू नये. निरीक्षणच करावयाचे असेल, तर व्हरांड्यातील दिव्याखालची पाल रोज संध्याकाळी हजर असतेच.

ती एका डोळ्याची लेपर्ड गेको आज ठणठणीत आहे. पेटीत आता तापमापक आहे, आर्द्रतामापक आहे आणि बाहेर एक वही लटकते. रातकिडा उजवीकडे सोडला तर तिला तो दिसत नाही. म्हणून तो मुलगा किडा नेहमी तिच्या डाव्या बाजूला सोडतो.