कवळीवर नाव घालाच

नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्र उलटल्यावर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळच्या पिंपळखुट्याला उलटली, पेटली आणि २५ प्रवासी जळून गेले. चेहरे ओळखण्याजोगे उरले नव्हते. डीएनए तपासणीत दिवस गेले असते, म्हणून दुसऱ्याच दिवशी बुलढाण्यात २४ जणांवर एकत्र अंत्यसंस्कार झाले.

कवळीवर नाव असते तर हे एकत्र अंत्यसंस्कार टळले असते, असे कोणी म्हणू नये. कवळी लावणारे त्या बसमध्ये कितीसे असणार? शिवाय साधी ॲक्रिलिकची कवळी मोठ्या आगीत टिकतेच असे नाही. पण अशा वेळी तज्ज्ञ दातांकडे वळतात, कारण दात सहसा नष्ट होत नाहीत. बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यांचे मात्र तेही साधन गेलेले असते. त्यांच्याजवळ उरते ती कवळी, आणि ती बोलत नाही.

१९४९ साली इंग्लंडमध्ये ती बोलली. जॉन हेग नावाच्या खुन्याने ऑलिव्ह ड्युरँड-डीकन या विधवेचा मृतदेह गंधकाम्लात विरघळवला. ॲक्रिलिकची कवळी मात्र आम्लाला पुरून उरली आणि तिच्या दंतवैद्य बाईंनी आपल्या हातचे काम ओळखले. हेग फाशी गेला. त्या बाईंकडे नोंदी होत्या म्हणून हे जमले. आपल्याकडे कवळी बसली, पैसे चुकते झाले की मापाचा साचा बहुधा कचऱ्यात जातो. त्यामुळे खूण कवळीतच हवी.

अमेरिकेतील मिनेसोटासारख्या राज्यांनी हे कायद्यातच घातले आहे. काम किरकोळ आहे. कवळी घडवतानाच नाव-गावाची चिठ्ठी किंवा आगीतही टिकेल अशी पोलादी पट्टी मागच्या बाजूला ठेवायची आणि वर पारदर्शक ॲक्रिलिक चढवायचे. जुन्या कवळीवर बारीक पेनने लिहून पारदर्शक लेप दिला तरी काही काळ चालते. पूर्ण पत्ता नको असेल तर दवाखान्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक पुरे, अट एवढीच की वही सांभाळली पाहिजे.

उपयोग अपघातापुरता नाही. रुग्णालयात उशाशी काढून ठेवलेली कवळी चादरीबरोबर धुण्याला जाते. वृद्धाश्रमात एकाची दुसऱ्याच्या वाटीत पडते, आणि मग हिरड्या सोलवटेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. दरवर्षी शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी जाते. अशा गर्दीत विसरभोळे म्हातारे माणूस चुकले आणि खिशात कागदच नसला तर?

२०१७ पासून केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना गरीब ज्येष्ठांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र देते, त्यात कवळीही आहे. नाव घालण्याची सुरुवात इथूनच व्हावी. सरकारी पैशाने बनणाऱ्या कवळीवर खूण नसेल तर ती बनवणाऱ्या प्रयोगशाळेचे बिल निघणार नाही, एवढी एक ओळ कंत्राटात घालायला बुलढाण्याच्या जिल्हा प्रशासनाने वर पाठपुरावा करावा. खासगी दंतवैद्यांना तर कोणाच्या आदेशाची वाट पाहायचे कारणच नाही. माप घेतानाच आजीला विचारावे, नाव घालू का?