टोचन: मागच्या गाडीत मुलाला बसवू नका



वार्तापत्राच्या या पानावर आम्ही एरवी परीक्षा, उपस्थिती, वाचन अशा विषयांवर लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. बंद पडलेली लहान मोटार दुसऱ्या लहान मोटारीच्या मागे दोर बांधून ओढत नेणे, ज्याला आपल्याकडे सगळेच 'टोचन' म्हणतात, त्याबद्दल चार शब्द लिहायचे आहेत. हा गॅरेजवाल्यांचा विषय, शाळेने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. दोर बांधून झाला की मागच्या गाडीचे स्टिअरिंग धरायला पुष्कळदा घरातला नववी-दहावीचा मुलगा बसवला जातो. मोठी माणसे पुढच्या गाडीत बसतात, कारण "गाडी तर पुढची चालणार, मागच्याला काय करायचे आहे?"

आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. टोचनात अवघड काम मागच्याचे असते.

आधी गणित पाहू. नववीच्या विद्यार्थ्यांनी पेन्सिल घ्यावी. १९८९ च्या रस्ते नियमांनी टोचनासाठी दोन मर्यादा घातल्या होत्या. दोन वाहनांमधले अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको आणि वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नको. (२०१७ मध्ये त्या नियमांच्या जागी नवे नियम आले, पण हिशेबासाठी हेच आकडे घेऊ.) ताशी २४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ६.७ मीटर. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला. मागच्याने लाल दिवा पाहिला, पाय उचलला, ब्रेकवर ठेवला. यात एक सेकंद गेला असे धरा. दोन्ही गाड्यांचे ब्रेक सारखेच चांगले असले तरी मागची गाडी पुढचीपेक्षा ६.७ मीटर जास्त धावणार, आणि मध्ये जागा आहे ५ मीटर. म्हणजे सगळे नियम पाळूनही धडक होते. ताशी ४० च्या वेगाने हेच अंतर ११ मीटर होते. आम्ही हे सारे हिंदी माध्यमातून शिकलो. जडत्व, घर्षण, संवेग हे शब्द मराठीतही जवळपास तसेच भेटले, आणि धडक तर कोणत्याही माध्यमात सारखीच लागते.

आता त्यात भर अशी की मागचे ब्रेक 'सारखेच चांगले' नसतातच. इंजिन चालू असताना त्याच्या शोषणाने जी पोकळी तयार होते, तिच्या मदतीने आपला पाय हलका पडला तरी ब्रेक जोरात लागतो. इंजिन बंद असले की ही मदत दोन-तीन वेळा दाबेपर्यंत पुरते, मग पेडल दगडासारखे कडक होते. ब्रेक लागतो, पण त्यासाठी सगळा जोर लावावा लागतो. पॉवर स्टिअरिंगही तसेच जड होते. किल्ली काढून घेतली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते आणि वळणावर गाडी सरळ निघून जाते. बॅटरी उतरलेली असेल तर मागचा दिवा नाही, ब्रेकचा दिवा नाही, हॉर्नही नाही. अशा गाडीत आपण पंधरा वर्षांच्या मुलाला बसवतो आणि सांगतो, नुसते स्टिअरिंग धर.

अनुभवी माणसे काय करतात ते पाहावे. दोर कायम ताणलेला ठेवायचा. पुढच्याने ब्रेक शक्यतो दाबायचा नाही, फक्त पाय उचलायचा; दोन्ही गाड्यांचा वेग मागच्याने आपल्या ब्रेकने हळूहळू कमी करायचा. बैलजोडीत दोन्ही बैलांची चाल जुळावी लागते, तसे हे आहे. त्यासाठी मागच्याला पुढचा रस्ता वाचता यावा लागतो, आणि समोर पाच मीटरवर दुसरी गाडी असताना रस्ता फारसा दिसतही नाही. वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या माणसाचे हे काम आहे. घरात दोन चालक असतील तर जास्त जाणता माणूस मागे बसावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये 'चालक' या शब्दाची व्याख्या करताना म्हटले आहे की दुसऱ्या मोटारीने ओढल्या जाणाऱ्या वाहनाचे सुकाणू धरणारा माणूसही चालकच. म्हणजे ज्या मुलाला आपण "चालवायची थोडीच आहे" म्हणून बसवतो, तो कायद्याच्या नजरेत विनापरवाना गाडी चालवत असतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाच्या अशा गुन्ह्यात पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. दंडाची भीती दाखवायला आम्ही हे लिहीत नाही. पण दहा मिनिटांच्या सोयीसाठी मुलाचा परवाना पंचविशीपर्यंत लांबणार असेल, तर वडिलांना ते आधी माहीत असावे.

आपल्या भागात हा प्रसंग वारंवार का येतो, तेही समजण्यासारखे आहे. १९५६ मध्ये राज्ये वेगळी झाली तरी आपल्या सोयरिकी पैनगंगेच्या दोन्ही काठांवर आहेत. लग्नसराईत किनवट, माहूर, पांढरकवडा, वणी असे जाणे-येणे चालते, आणि जुनी मारुती किंवा इंडिका नेमकी परतीच्या वाटेवर रुसते. मग नातेवाइकांपैकी कोणी म्हणतो, माझ्या गाडीला बांधा, आपला मिस्त्री आदिलाबादला आहे. १९८९ च्या नियमात सवलत होती ती जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत. ओळखीच्या मिस्त्रीपर्यंत नव्हे. तीस-पस्तीस किलोमीटर ओढत आणायचे म्हटले तर नियमाच्या वेगाने दीड तास लागतो. एवढा धीर कोणाला नसतो. वेग पन्नासवर जातो आणि वरचे सगळे गणित बिघडते. त्यात हा नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग ४४. ताशी ऐंशीने येणारा ट्रक चोवीसने जाणाऱ्या गाडीकडे सेकंदाला पंधरा मीटरपेक्षा जास्त वेगाने जवळ येतो. रात्री, मागचा दिवा नसताना, शंभर मीटरवर गाडी दिसली तर त्या ट्रकवाल्याच्या हातात सहा-सात सेकंद उरतात. घाटाबद्दल तर बोलायलाच नको. निर्मलजवळचा महबूब घाट असो की केरामेरीचा घाट, उतारावर दोर ढिला पडतो आणि मागची गाडी पुढच्या गाडीवर चढू पाहते. घाटात टोचन करूच नये.

गावातला धोका वेगळा आहे. चौकात गाड्या थांबतात, मध्ये पाच मीटर मोकळी जागा दिसते, मोटारसायकलवाला त्यातून निघायला बघतो. दोर त्याला दिसत नाही. पायी जाणारी मुलेही तशीच आडवी घुसतात. म्हणून दोर सहज दिसेल असा असावा आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या मागे पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'ऑन टो' लिहिलेले असावे, अशी नियमाची अट होती. दोराला मधोमध लाल फडके बांधायला पैसे पडत नाहीत, तरी ते कोणी बांधलेले आम्हाला क्वचितच दिसते.

दोर कशाचा आणि कुठे बांधायचा, यात तर आपण कमालच करतो. बैलगाडीचा जुना सोल, विहिरीचा दोर, कुणाची ओढणी, काहीही चालते. जुना दोर ढिला राहून एकदम ताणला गेला की तुटतो, आणि तुटलेले टोक, कधी उखडलेल्या हुकासकट, चाबकासारखे उलटे येते. दोर ताणताना आजूबाजूला तमाशा बघत उभ्या राहणाऱ्या मुलांना दूर करा. बंपरला बांधू नये, तो आजकाल प्लास्टिकचा असतो. खाली वाकून चाकाजवळच्या कोणत्याही दांडीला बांधू नये, त्यातली एखादी स्टिअरिंगची असते. पुष्कळ गाड्यांमध्ये ओढण्याचा हुक स्टेपनीजवळच्या सामानात वेगळा ठेवलेला असतो आणि बंपरवरचे छोटे झाकण काढून तो पिळून बसवायचा असतो. आपल्या गाडीत तो कुठे आहे, हे आज घरी गेल्यावर एकदा पाहून घ्यावे. ऑटोमॅटिक गिअरच्या अनेक गाड्यांत इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही, म्हणून चाके जमिनीवर ठेवून त्या लांब ओढता येत नाहीत. बॅटरीवरच्या नव्या गाड्यांचेही तसेच. त्या पाठीवर चढवून नेणाऱ्या सपाट गाडीवरूनच न्याव्यात.

ट्रॅक्टर मजबूत असतो म्हणून त्याला बांधणे बरे, असेही ऐकू येते. पण ट्रॅक्टरच्या आवाजात मागच्याचा हॉर्न किंवा हाक ऐकू येत नाही, आणि त्याचा पहिलाच हिसका लहान गाडीचा हुक उखडायला पुरेसा असतो.

पालकांची अडचण आम्हाला कळते. क्रेनवाला पैसे घेतो, रात्री मिळत नाही, बेला किंवा उटनूरकडच्या आतल्या रस्त्यावर तर मुळीच मिळत नाही. शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत दोनशे पावले गाडी ओढून काढली, तर त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे. त्यावर कळवले तर बंद गाडी बाजूला घ्यायला मदत येते. अनेकांच्या विम्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय जोडलेली असते, हप्ता भरलेला असतो आणि कागद कपाटात पडून असतो. तो काढून वाचावा.

आता विश्वस्त मंडळासाठी. स्नेहसंमेलनाच्या किंवा क्रीडादिनाच्या रात्री मैदानावर एखादी तरी गाडी बंद पडतेच. शाळेत एक चांगला टोचनचा पट्टा, दोन चमकणारे त्रिकोण आणि जवळच्या क्रेनवाल्यांच्या क्रमांकांचा फलक ठेवावा, आणि कोणत्याही विद्यार्थ्याला ओढल्या जाणाऱ्या गाडीत बसू देऊ नये असा नियम करावा, हा प्रस्ताव आम्ही पुढच्या बैठकीत ठेवणार आहोत. शाळेने पट्टा दिला तर लोक टोचनच करतील, अशी शंका काहींना येईल. ते पट्ट्याशिवायही करतातच, विहिरीच्या दोराने. म्हणून पट्टा हवा असे आम्हाला वाटते. मंडळाला तो नको वाटला तर निदान फलक आणि नियम तरी मंजूर व्हावेत.

'ऑन टो'ची पाटी मात्र चित्रकलेच्या तासाला आठवीच्या मुलांनी रंगवून द्यावी. अक्षरे किमान ७५ मिलिमीटर उंच हवीत. पट्टी लावून मोजावीत.