व्यायाम-प्रशिक्षकाची पारख



माल उतरवून घेण्यापूर्वी नमुना पाहावा आणि उधारी देण्यापूर्वी माणूस पाहावा, हे आपल्या पेढीवर नव्याने बसणाऱ्या मुलालाही पहिल्या आठवड्यातच शिकविले जाते. तोच व्यापारी व्यायामशाळेत गेला म्हणजे सवलतीची पाटी पाहून वर्षभराचे शुल्क एकरकमी मोजतो. आणि ज्याच्या हाती आपले गुडघे, कंबर व हृदय सोपवायचे, त्या प्रशिक्षकाला मात्र एकही प्रश्न विचारीत नाही. दिवसभराच्या बैठ्या कामामुळे मधुमेह, रक्तदाब व कंबरदुखी आपल्या घराघरांत शिरली आहेत. व्यायाम हवाच, परंतु शिकविणाराही पारखून घ्यावयास हवा.

पहिली पारख अशी की, तो सांगण्यापूर्वी विचारतो का? कोणते आजार आहेत, कोणती औषधे चालू आहेत, कधी शस्त्रक्रिया झाली आहे का, हे जाणून घेतल्यावाचून जो वजने उचलावयास लावतो, तो आपल्या उपयोगाचा नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर उपाशीपोटी व्यायाम करताना एकाएकी खाली जाऊ शकते. हात थरथरणे, दरदरून घाम सुटणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे प्रशिक्षकाला ठाऊक असलीच पाहिजेत.

दुसरा प्रश्न वेळेचा. रात्री दुकान वाढवून नऊ वाजता व्यायामाला जाणे अनेकांना सोयीचे वाटते. परंतु चौविहार करणाऱ्याला त्यानंतर पाण्याचा घोटही घेता येत नाही. पहाटे जावे, तर नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येते. तेव्हा नवकारशी पारल्यावर पाणी व थोडा आहार घेऊन, पेढी उघडण्यापूर्वीचा तास साधणे उत्तम. जो प्रशिक्षक हा हिशेब समजून घेऊन वेळ देतो, तो आपला. नियमाला हसणारा कितीही नामांकित असो, त्याच्याकडे गेल्यास काही दिवसांतच नियम तरी सुटतो किंवा व्यायाम तरी.

आहाराचेही तसेच. अंडी, रताळी आणि निजताना प्रथिनांचा पेला, असा ठरावीक तक्ता हाती ठेवणाऱ्यास आपल्या स्वयंपाकघराची ओळख नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. वजने उचलणाऱ्यास त्याहून काहीशी अधिक हवीत. शंभर ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. डाळी, दूध, दही, पनीर यांतून ही गरज सूर्यास्तापूर्वी भागविता येते. डबाबंद चूर्ण घ्यावयाचेच असेल, तर हिरवा ठिपका व अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक पाहावा. व्हे म्हणजे चीज करताना निघणारी दुधाची निवळी. दूध साकळविण्यासाठी वापरलेले रेनेट वासराच्या जठरातले की सूक्ष्मजीवांपासूनचे, याचीही चौकशी करावी. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले असते. जो प्रशिक्षक स्वतःच चूर्ण विकतो, त्याचा सल्ला आपण व्यापारी दृष्टीनेच ऐकावा.

डॉक्टर वा वकील यांच्याप्रमाणे कायद्याने सक्तीची नोंदणी या व्यवसायाला आपल्याकडे नाही. म्हणून प्रमाणपत्र मागावे, ते देणाऱ्या संस्थेकडे खातरजमा करावी आणि त्याची मुदत संपली नाही ना, हे पाहावे. कोणाचे हृदय अचानक बंद पडल्यास छाती दाबून प्राण वाचविण्याचे शिक्षण त्याने घेतले आहे का, हेही निःसंकोच विचारावे.

शुल्क महिन्याचे द्यावे आणि पहिले पंधरा दिवस नमुन्याचे समजावे. प्रारंभी दमाने बोलता येईल इतकाच व्यायाम पुरे. स्नायू एक-दोन दिवस दुखणे स्वाभाविक. परंतु सांध्यात कळ येत असता ‘सहन करा’ म्हणणाऱ्याला त्याच दिवशी रजा द्यावी. अतिश्रमानंतर लघवी काळपट झाल्यास प्रशिक्षकाला विचारीत न बसता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. छातीत दुखले, तरी तसेच.

आपणही काही लपवू नये. वर्षीतप चालू असल्यास उपवासाचा दिवस कोणता व बियासणाचा कोणता, हे त्याला आधीच सांगावे. कष्टाचा व्यायाम बियासणाच्या दिवशी ठेवता येईल. अठ्ठाईत वजने बाजूला ठेवावीत आणि पारण्यानंतरही पूर्वीच्या वजनाकडे हळूहळू परतावे. ‘तपात खंड नको, व्यायामातही खंड नको’ असा हट्ट शरीराला झेपत नाही. अशा दिवसांत ‘आज विश्रांती घ्या’ असे जो आपण होऊन सांगतो, त्याच्या हाती घरातल्या वडीलधाऱ्यांनाही निर्धास्तपणे सोपवावे.